यंत्र धडधाकट, डिस्क थकलेली

रक्ततपासणीचे, हाडांची घनता मोजण्याचे किंवा फुप्फुसांची क्षमता तपासण्याचे यंत्र नीट सांभाळले तर पंधरा वर्षेही काम देते. त्याला जोडलेल्या संगणकाचे आयुष्य मात्र तेवढे नसते. विंडोज एक्सपीवर चालणारे असे संगणक आजही रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत दिसतात. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला दिलेला आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. पण यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही, म्हणून जुनाच संगणक चालवावा लागतो.

एखाद्या सकाळी तो सुरूच होत नाही. यंत्र ठीक असते, बिघडलेली असते ती आतली हार्ड डिस्क. तपासणी थांबते, रुग्णाला जिल्ह्याच्या गावी किंवा खासगी केंद्रात जायला सांगितले जाते. एका दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि तपासणीचा खर्च त्याच्या डोक्यावर पडतो. इकडे लाखो रुपयांच्या यंत्राच्या निर्लेखनाची फाइल फिरू लागते. हे बहुतेक वेळा टाळता येते.

हार्ड डिस्क हा संगणकातला फिरता भाग. तिच्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. झीज, उष्णता आणि विजेचे वारंवार जाणे-येणे यांनी ती थकते. जुन्या संगणकांना लागणाऱ्या रुंद पट्टीच्या, म्हणजे आयडीई जोडणीच्या नव्या डिस्क आता बनत नाहीत. बाजारात मिळतात त्या बहुधा वापरलेल्या आणि तितक्याच थकलेल्या.

यावरचा उपाय जुने संगणक जपणाऱ्या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे वापरून पाहिला आहे. १९९४ मध्ये सॅनडिस्कने आणलेले कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीई डिस्कचीच भाषा बोलते. त्यामुळे काही शे रुपयांचा साधा जोडतुकडा लावला की संगणक त्या कार्डाला डिस्क समजतो. जुन्या मॅकिंटॉशच्या स्कझी जोडणीसाठीही मेमरी कार्ड बसवता येणारे छोटे बोर्ड मिळतात. कार्डात काहीच फिरत नाही, त्यामुळे आवाज नाही आणि उष्णताही कमी. हा मार्ग केवळ हौशी लोकांचा नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाला आदेश पोहोचवणारी, १९७० च्या दशकातल्या आयबीएम संगणकांवरची यंत्रणा आठ इंची फ्लॉपी वापरत होती. २०१९ मध्ये फ्लॉपी जाऊन तिथे न फिरणारी आधुनिक साठवण आल्याचे जाहीर झाले.

मात्र रुग्णाचा अहवाल ज्या संगणकातून निघतो, तिथे हा बदल विचारपूर्वकच व्हायला हवा. पहिली गोष्ट वेळेची. डिस्क मेल्यावर कार्ड आणून उपयोग नाही. सॉफ्टवेअरची मूळ सीडी बहुधा हरवलेली असते आणि यंत्राच्या अंशांकनाचे आकडे फक्त त्या डिस्कवर असतात. डिस्क चालू असतानाच तिची तंतोतंत प्रत घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट कार्डाच्या निवडीची. बरेच जुने संगणक ८.४ जीबीच्या पुढचे काही ओळखत नाहीत. मोठे कार्ड घेण्यात शहाणपण नाही. कॅमेऱ्याचे साधे कार्ड स्वतःची ओळख ‘काढता येणारे’ अशी देते आणि त्यावर एक्सपी कुरकुरते. औद्योगिक वापरासाठीची कार्डे स्वतःला पक्की डिस्क म्हणवतात. फ्लॅशच्या पेशींवर लिहिण्यालाही मर्यादा असते. उत्तम प्रतीच्या पेशी सुमारे एक लाख वेळा लिहिणे सोसतात, स्वस्त पेशी काही हजार वेळाच. म्हणून विंडोजचे सततचे अनावश्यक लेखन बंद करावे आणि तयार प्रतीचे दुसरे कार्ड कपाटात ठेवावे.

तिसरी गोष्ट नोंदींची. फ्लॅशमधली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो हळूहळू झिरपतो. कार्ड जितके वापरलेले आणि हवा जितकी गरम, तितका लवकर. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद खोलीत पडलेल्या कार्डावर भरवसा ठेवता येणार नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात. त्यांची प्रत वेगळ्या ठिकाणी हवीच. काढलेल्या जुन्या डिस्कवर रुग्णांची नावे आणि निदाने असतात. ती पुसल्याशिवाय किंवा फोडल्याशिवाय भंगारवाल्याकडे जाता कामा नये.

कार्ड बसवल्यावर ज्ञात मूल्यांच्या नमुन्यांवर यंत्र तपासल्याखेरीज एकही अहवाल देऊ नये. कार्ड बदलल्याने एक्सपी सुरक्षित होत नाही, तेव्हा तो संगणक इंटरनेटपासून दूरच ठेवावा. व्हेंटिलेटर किंवा किरणोपचाराच्या यंत्रांना मात्र उत्पादकाशिवाय कोणी हात लावू नये.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ पासून जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आहे आणि उपकरणांची मोजदाद हा त्याचा भाग आहे. त्या यादीत आणखी एक रकाना हवा: यंत्राला जोडलेला संगणक कोणता, त्याची डिस्क किती जुनी, तिची प्रत घेतली आहे का. देखभालीच्या करारातही वर्षातून एकदा प्रत घेण्याची आणि डिस्क वेळीच बदलण्याची अट असावी. नव्या यंत्राची निविदा निघून ते बसेपर्यंत महिने जातात. डिस्कची प्रत घ्यायला एक दुपार पुरते, आणि ती दुपार डिस्क जिवंत असेपर्यंतच हाती असते.