दोन कॅमेरे आणि पंधरा रविवार

मंडळी, गेले तीन महिने ऑफिसात, लोकलमध्ये आणि जेवताना ताटावर बसून माझ्या डोक्यात एकच विषय चालू आहे. निकॉनचा झेड ८ घ्यायचा की कॅननचा ईओएस आर५ मार्क २? दोन्ही 'प्रोफेशनल' म्हणून विकले जातात आणि मी फोटोग्राफीतला पक्का हौशी माणूस. सोमवार ते शुक्रवार कोड, शनिवारी झोप आणि कपडे, रविवारी खाडीवरचे पक्षी. या चर्चेत बहुतेक लोक चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात असं माझं मत झालंय, म्हणून हा प्रपंच.

आधी कागदावरचा हिशोब उरकू. झेड ८ मे २०२३ मध्ये आला, ४५.७ मेगापिक्सेल, सेकंदाला २० रॉ फोटो. आर५ मार्क २ जुलै २०२४ मध्ये आला, ४५ मेगापिक्सेल, सेकंदाला ३०. दोघांचाही सेन्सर 'स्टॅक्ड' जातीचा, म्हणजे चित्र इतक्या झटपट वाचून घेणारा की उडणाऱ्या पक्ष्याचे पंख वाकडे दिसत नाहीत. दोघांनाही पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरता येतो. दोघांतही कार्डाचे दोन खण. वजन बॅटरी-कार्डासकट निकॉनचं ९१० ग्रॅम, कॅननचं ७४६. बस्स, एवढाच फरक! आता २० आणि ३० वर भांडणाऱ्यांना एक सांगतो. ४५ मेगापिक्सेलची लॉसलेस रॉ फाईल ढोबळमानाने ५० एमबीची धरा. सेकंदाला २० म्हणजे एका सेकंदात एक जीबी. रविवारी सकाळी नुसतं बटण दाबून धरलं की सोमवारी रात्रीपर्यंत फोटो डिलीट करत बसायचं. सेकंदाला आणखी दहा मिळाले तर माझं काम वाढेल, फोटो नाही.

मुळात कॅमेरा 'प्रोफेशनल' कशाने होतो? दोन कार्डं कशासाठी? लग्नात अंतरपाट एकदाच दूर होतो. नेमकं तेव्हा कार्ड मेलं तर फोटोग्राफर वधूपित्याला काय तोंड दाखवणार? पावसापाण्यापासून संरक्षण, दणकट बॉडी, लगेच मिळणारी सर्व्हिस, सगळं त्याचसाठी. आपल्या भाषेत सांगायचं तर तो प्रॉडक्शन सर्व्हरचा अपटाइम आहे. क्लायंटला दिलेला शब्द पाळता यावा म्हणून मोजलेली किंमत. हौशी माणसाला क्लायंटच नाही. त्याचा फोटो हुकला तर पुढचा रविवार आहे.

आहे ना? इथेच खरी गोम आहे. पुढचा रविवार नसतो!

मी राहतो तळवलीला, घणसोली स्टेशनच्या टप्प्यात. पलीकडे ठाण्याची खाडी. २०१५ मध्ये तिचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. रोहित पक्षी इथे साधारण नोव्हेंबर ते मे असतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते खाडीत चरतात, भरतीला चिखल बुडाला की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. म्हणजे काठावरून जवळचा फोटो हवा तर सकाळच्या कोवळ्या उन्हात भरती असायला हवी. आमच्या घरमालक काकांनी, जे तरुणपणी खाडीत मासेमारी करायचे, मला भरतीचा जुना हिशोब शिकवला. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. (खाडीत आत थोडी उशिरा, पण अल्गोरिदम म्हणून झकास.) पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती भर दुपारी आणि मध्यरात्री, ती आपल्या कामाची नाही.

आता पुढचं गणित बघा. आठवड्यात तिथी सातेक घरं पुढे सरकते, म्हणजे भरती सव्वापाच तासांनी पुढे. या रविवारी सातला भरती असेल तर पुढच्या रविवारी सातला जवळजवळ ओहोटी. थोडक्यात, एक रविवार सोडून एक. हंगामात तीस रविवार, त्यातले कामाचे पंधरा. त्यातून रिलीज, ऑन-कॉल, लग्नं, गावची जत्रा आणि ढगाळ सकाळी वजा करा. उरतात आठ, फार तर दहा.

शिवाय ऊन तापलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते आणि लांबच्या पक्ष्याची कड विरघळते. तिथे ४५ मेगापिक्सेल असोत नाहीतर शंभर, काही उपयोग नाही. म्हणजे दहा रविवार, प्रत्येकी दोनेक तास. माझी खरी टंचाई ही आहे.

या दोन तासांत कामाला काय येतं? बॉडी नव्हे, लेन्स. लांबच्या पक्ष्याकडून किती प्रकाश गोळा होतो, हे लेन्सच्या भोकाच्या व्यासावर ठरतं. फोकल लेंग्थला एफ नंबरने भागा, झालं. निकॉनची १८०-६०० लेन्स शेवटच्या टोकाला एफ ६.३, म्हणजे व्यास ९५ मिलिमीटर. कॅननची २००-८०० एफ ९ ला, ८९ मिलिमीटर. कॅननचीच १००-५०० एफ ७.१ ला, ७० मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलं तर तिसरीत पहिलीच्या निम्म्याहून थोडासाच जास्त प्रकाश शिरतो. उगवतीच्या मंद उजेडात उडता रोहित धरायचा तर हा फरक फोटोत दिसतो, २० आणि ३० चा दिसत नाही.

पैशाचंही बघू. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या किमती तुलनेला सोप्या पडतात. झेड ८ चार हजार डॉलर आणि १८०-६०० सतराशे, एकूण ५,७००. आर५ मार्क २ चार हजार तीनशे आणि २००-८०० एकोणीसशे, एकूण ६,२००. त्याऐवजी १००-५०० घेतली तर ७,०००. आपल्याकडे असा संच ढोबळमानाने पाच लाखांचा धरा. पाच वर्षं, वर्षाला दहा रविवार, म्हणजे पन्नास सकाळी. एका सकाळीला दहा हजार रुपये! अठ्ठाविसाव्या वर्षी, भाड्याच्या घरात राहून, घराच्या डाउन पेमेंटसाठी पैसे साठवत असताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवलाच पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, मग घेऊच नकोस. तसं नाही हो. हौसेला मोल नसतं. मिरजेचा तंबोरा काय फक्त मैफिली करणाऱ्यांनीच घ्यावा? घरी रियाज करणाऱ्यालाही सुरेल जवारीचा हक्क आहे. फक्त हौशी माणसाने व्यावसायिकाच्या भीतीपोटी खरेदी करू नये, एवढंच माझं म्हणणं. त्याने आपल्या मोकळ्या सकाळी मोजाव्यात, मग लेन्स ठरवावी आणि त्या लेन्सला जी बॉडी लागेल ती घ्यावी.

या क्रमाने गेलं तर माझं उत्तर निकॉन येतं. लेन्समध्ये जास्त प्रकाश, खर्च कमी आणि ऑफिसातल्या मित्राकडे त्याच माउंटच्या दोन लेन्स, अडीअडचणीला मागायला. मात्र लेन्ससकट हा संच तीन किलोंच्या घरात जातो. कॅनन आणि १००-५०० हे जोडपं पाऊण किलोने हलकं. ज्याचा खांदा दुखतो किंवा जो डोंगर चढून जातो, त्याने खुशाल कॅनन घ्यावा, तो प्रकाश सोडून वजन वाचवतोय. आणि जो जोडीला लग्नाच्या ऑर्डरी घेतो, त्याला माझं गणितच लागू नाही.

विकत घेण्याआधी एक मात्र करा. दोन्ही संच एकेका रविवारी भाड्याने आणा, अष्टमीच्या आसपासच्या. भाडं जाईल, पण आपण पहाटे पाचला खरंच उठतो का, हे तरी कळेल. ते कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं नसतं.