आठवी : जिथे राज्याचे कर्तव्य संपते आणि पुस्तक मात्र 'पुढे पाहू' म्हणते

१/
आठवीच्या वर्गाविषयी सध्या एकच वाद कानी पडतो : मुलांना नापास करावे की करू नये? या गदारोळात मूळ प्रश्न हरवला आहे. आठवी संपवून बाहेर पडणाऱ्या मुलाला नेमके काय यावे? या प्रश्नाला महाराष्ट्रात जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो मांडणारा हा थ्रेड.

२/
१८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादीच त्यांनी दिली : मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शेतीच्या धड्यांसाठी शाळेजवळ लहानसे नमुना-शेत असावे, असेही सुचवले.

३/
ही यादी पुन्हा वाचा. हे मूल कदाचित यापुढे कधीच शाळेत जाणार नाही, हे जोतीरावांनी गृहीत धरले होते. म्हणून जे द्यायचे ते येथेच, पुरते आणि उपयोगी द्यायचे. सावकाराचा कागद त्याला वाचता यावा, हिशेब तपासता यावा, रोगराईत स्वतःला सांभाळता यावे.

४/
पुढे 'व्हर्नाक्युलर फायनल' आली. आपल्या आजोबांच्या पिढीत 'सातवी फायनल' हा शब्द अभिमानाने उच्चारला जाई, कारण त्या दाखल्यावर प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळत असे. त्या परीक्षेचे दोष अनेक होते, घोकंपट्टीही भरपूर होती. पण तिच्या नावातच एक कबुली होती : अनेकांसाठी हा शेवट आहे.

५/
१९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण आणले. १९३७ च्या वर्धा परिषदेने सात वर्षांचे, मातृभाषेतील, हस्तव्यवसायावर आधारलेले शिक्षण सुचवले.

६/
आता निर्णायक क्षण. २३ नोव्हेंबर १९४८, संविधान सभा. हे कलम 'प्राथमिक शिक्षणा'पुरते मर्यादित करावे, अशी दुरुस्ती नझीरुद्दीन अहमद यांनी सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद असा : चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास आपण बंदी घालत आहोत, मग त्या वयापर्यंत ते मूल शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे.

७/
म्हणजे चौदा वर्षांची मर्यादा शिक्षणशास्त्रातून आली तितकीच बालमजुरीविरोधातूनही आली. अनुच्छेद ४५ ने त्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. प्रत्यक्षात शिक्षण मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली आणि कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडले. सहा ते चौदा वर्षे. पहिली ते आठवी.

८/
महाराष्ट्रात तोवर आठवी ही माध्यमिक शाळेची पहिली पायरी होती : पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक, आठवी ते दहावी हायस्कूल. कायद्याने आठवीला 'शेवट' ठरवले, पण आपल्या मनात ती अजून 'सुरुवात'च आहे. कायदा म्हणतो, येथे माझी हमी संपते. पाठ्यक्रम म्हणतो, उरलेले नववीत पाहू.

९/
आठवीत शिकवतात तरी काय? विज्ञानात सूक्ष्मजीव, रोग, बल, विद्युत, अणूचे अंतरंग. गणितात चक्रवाढ व्याज, सूट-कमिशन, बैजिक राशींचे अवयव. भूगोलात स्थानिक वेळ व प्रमाण वेळ, सागरी प्रवाह. इतिहासात १८५७ पासून महाराष्ट्राच्या निर्मितीपर्यंत. नागरिकशास्त्रात संसद, न्यायव्यवस्था, नोकरशाही.

१०/
हे कमी आहे, असे कोण म्हणेल? माझा आक्षेप वेगळा आहे. हे सारे धडे एकमेकांना ओळखत नाहीत. विषय वेगळे, तासिका वेगळ्या, प्रश्नपत्रिका वेगळ्या. मुलाच्या हाती पडतात ते सुटे भाग. ते जोडायचे कसे, हे कोणत्याच तासाला सांगितले जात नाही. तीन उदाहरणे देतो.

११/
चक्रवाढ व्याज. शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे सालाना २४ टक्के. वर्षागणिक चक्रवाढीने शंभराचे पाच वर्षांत सुमारे २९३ होतात. आता इतिहास : १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातील सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. अमेरिकन यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, सारा मात्र वाढला होता. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातून आला.

१२/
हे गणित आणि हा उठाव एकाच दिवशी शिकवून पाहा. व्याजाचे सूत्र मग पाठ करावे लागणार नाही. आणि कर्जाच्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी ते मूल आपल्या बापाचा हात धरील. फुल्यांच्या यादीतला 'हिशेब' तो हाच.

१३/
प्रमाण वेळ. १ जानेवारी १९०६ पासून ८२°३०' रेखांशावरची वेळ भारताची प्रमाण वेळ झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या सुमारे ३९ मिनिटे मागे. मुंबईकरांनी विरोध केला आणि तेथे 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकून राहिला. भूगोलाच्या वहीतील 'एका अंशाला चार मिनिटे' हे उदाहरण शहराच्या अस्मितेचा प्रश्न झाले होते!

१४/
सूक्ष्मजीव आणि रोग. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला. १८९६ मध्ये साथ मुंबईत पोहोचली. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत आपली लस स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात रँडचे सोजीर घरांत घुसून झडत्या घेत होते. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

१५/
प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ यांनी दाखवले १८९८ मध्ये. म्हणजे रँडच्या झडत्यांच्या वेळी शासनाकडे सत्ता पुरेपूर होती, ज्ञान अपुरे होते. साथीच्या काळात शासनाने काय करावे, नागरिकाने काय विचारावे, हा धडा विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र यांच्या सीमेवर आहे. म्हणूनच तो कुणीच शिकवत नाही.

१६/
'शिक्षकांवर आधीच ओझे आहे, त्यात हे कुठे?' हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण मी नवा पाठ मागत नाही. धडे बहुतेक तेथेच आहेत. हवा आहे तो त्यांचा क्रम आणि शिक्षकांना एकत्र बसण्यासाठी आठवड्यातून एक तास. मध्यंतरी दप्तर हलके करण्यासाठी सर्व विषयांचे भाग एकाच पुस्तकात बांधले गेले. बांधणी एक झाली, विचार सुटेच राहिले.

१७/
आता परीक्षेकडे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला अनुत्तीर्णांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. परीक्षेला माझा विरोध नाही. पण सुटे तुकडे आठवतात का, एवढेच ती तपासणार असेल, तर नापास कोण झाले? ते मूल, की त्याला आठ वर्षे हमी देणारी व्यवस्था?

१८/
ज्यांची मुले नववीत जाणारच, त्यांना हा वाद बौद्धिक वाटेल. पण गावची शाळा आठवीला संपते आणि हायस्कूल लांब असते, तेव्हा पहिली घरी बसते ती मुलगी. ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणाऱ्या मुलालाही आठवी हाच शेवटचा दाखला असू शकतो. या दोघांच्या हाती आपण काय देतो, यावरच आठवीचा पाठ्यक्रम जोखला पाहिजे.

१९/
म्हणून मागणी एकच : आठवीचे पुस्तक नववीसाठी लिहू नका. ते त्या मुलासाठी लिहा, जे उद्या शाळेत येणार नाही. पुढे जाणाऱ्याचे त्यात काहीच नुकसान नाही; थांबणाऱ्याचे मात्र आयुष्य त्यावर अवलंबून आहे. जोतीरावांना हे १८८२ मध्ये दिसत होते.

२०/
आज घरातल्या आठवीच्या मुलाला एवढेच विचारा : 'चक्रवाढ व्याजाचा आणि १८७५ च्या सुप्याचा काय संबंध?' उत्तर आले नाही तर त्याला रागावू नका. आपणही तेच शिकून बाहेर पडलो आहोत.
(समाप्त)