वसतिगृहातील पंक्ती

जुन्नरनजीक शिवनेरीच्या लेण्यांत एक लहानसा ब्राह्मी शिलालेख आहे. चिट नामक यवनाने बौद्ध संघास भोजनमंडप दान दिल्याची नोंद त्यात सापडते. राहावयास खोली दिली म्हणजे आश्रय पुरा झाला असे त्या परक्या गृहस्थास वाटले नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील महादेव कोळी व ठाकर मुलांच्या वसतिगृहांचा विचार करिताना या लेखाचे आम्हांस स्मरण होते.

आमच्या प्रांतात वसतिगृह हे केवळ निजावयाचे ठिकाण नव्हे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरास मराठा बोर्डिंग स्थापिले व पुढे इतर जातींच्या वसतिगृहांसही आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. तो संसार चालावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. पुस्तकांनी जे साधले नसते ते त्या पंक्तीने साधले.

असे असता ५ एप्रिल २०१८ रोजी राज्य सरकारने आदिवासी वसतिगृहांत भोजनाऐवजी विद्यार्थ्यांच्या बँकखात्यावर रोख रक्कम भरण्याचा निर्णय काढिला. त्याच जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिकास पायी निघाले. मंचर व नारायणगाव ज्या मार्गावर आहेत त्याच मार्गाने ते चालले. सिन्नर तालुक्यात पोलिसांनी त्यांस अडविले. मुलांनी पैसे नाकारून जेवण मागावे, यातच पुष्कळ काही आले.

ठेकेदाराच्या पातळ आमटीपेक्षा रोकड बरी, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात. आमटी पातळ असते हा आक्षेप आम्ही खोटा म्हणत नाही. परंतु पाणी गढूळ झाले म्हणून विहीर कोणी बुजवीत नाही; ती उपसावयाची असते. डोंगरातून आलेल्या मुलास रक्कम उशिरा मिळाली तर त्याने महिना कोणाच्या उधारीवर काढावा? आणि घरी नड असली, तर ते पैसे घरी धाडून तो स्वतः अर्धपोटी राहणार नाही काय?

आमची सूचना साधी आहे. स्वयंपाकघर वसतिगृहातच असावे. धान्याची खरेदी व हिशेब विद्यार्थ्यांनी निवडलेल्या मंडळाकडे द्यावा. दरमहा जमाखर्च भिंतीवर लावावा. आणि अधीक्षकांनी रोज त्याच पंक्तीस जेवावे. अधिकाऱ्याच्या ताटात तीच आमटी पडू लागली, म्हणजे ती दाट होण्यास फार दिवस लागणार नाहीत.