परक्यांच्या तलवारी, रोमचे गाऱ्हाणे

रोमचे साम्राज्य का बुडाले, याचे एक झटपट उत्तर कायम तयार असते : रोमनांनी लढणे सोडले, सैन्यात परके रानटी भरले आणि त्यांनीच घर लुटले. एडवर्ड गिबनच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये आला, तेव्हापासून या मतावर विद्वत्तेची झूल आहे. (गिबनने कारणे बरीच दिली होती, लोकांनी सोयीचे तेवढे उचलले.) या मताची खरी पंचाईत अशी की, त्यासाठी आधी कधीतरी निव्वळ रोमनांचे सैन्य असायला हवे. ते शोधायला गेले की हाती लागत नाही.

इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे कार्थेजचा सेनापती हॅनिबल हरला, तो रोमच्या बाजूने लढणाऱ्या मसिनिसाच्या नुमिडियन घोडदळाने पिछाडी गाठल्यामुळे. पुढे ऑगस्टसने या मिश्र फौजेची घडीच बसवली. लीजनमध्ये, म्हणजे मुख्य पलटणींत, नागरिक आणि सहायक पलटणींत नागरिकत्व नसलेले प्रांतीय, अशी ती विभागणी होती. इ.स. २३ चा आढावा घेताना रोमन इतिहासकार टॅसिटस २५ लीजन मोजतो आणि सहायकांचे बळ साधारण तेवढेच असल्याचे सांगतो. म्हणजे साम्राज्य ऐन भरात असताना निम्मे सैन्य कायद्याने रोमन नव्हतेच. लीजनांतही हेड्रियनच्या काळापर्यंत इटलीत जन्मलेला शिपाई दुर्मीळ झाला होता. परक्यांच्या भरतीने साम्राज्य बुडत असते, तर ते तीनशे वर्षे आधीच बुडायला हवे होते.

मग ही फौज एकत्र कशी राहिली? सरळ व्यवहारावर. सहायक सैनिकाने २५ वर्षे चाकरी करायची आणि बदल्यात नागरिकत्व घ्यायचे. क्लॉडियसच्या काळापासून हा हक्क ब्राँझच्या जोडपत्र्यांवर कोरून, सात साक्षीदारांच्या मोहरांनिशी हातात पडू लागला. असे पत्रे ब्रिटनपासून सीरियापर्यंत सापडले आहेत.

दुसऱ्या शतकात इजिप्तमधला अपिऑन नावाचा पोरगा आरमारात भरती होऊन इटलीतल्या मिसेनमला पोचला. तिथून त्याने बाप एपिमाखोसला लिहिलेले पत्र आजही आहे. समुद्रात जीव धोक्यात होता, सेरापिस देवाने तारले. पोचताच सीझरकडून प्रवासखर्चाची तीन सोन्याची नाणी मिळाली. तुम्ही चांगले शिकवलेत, त्यामुळे लवकर बढती मिळेल अशी आशा आहे. सोबत माझे चित्र पाठवत आहे. आणि जाता जाता कळवतो की, आता माझे नाव अँटोनिअस मॅक्झिमस. देव इजिप्तचा, पत्र ग्रीकमध्ये, नाव रोमन, आणि यातले काहीच एकमेकांच्या आड येत नाही.

आता विरोधकांचा हुकमी एक्का : अर्मिनिअस. खेरुस्की या जर्मन टोळीतला हा सरदारपुत्र रोमन सैन्यात लढला, नागरिक झाला आणि इ.स. ९ मध्ये ट्युटोबुर्गच्या जंगलात त्याने रोमन सेनापती वारूसच्या तीन लीजन कापून काढल्या. पाहा, रक्त आपल्या जागी जाते, असे म्हणणाऱ्यांनी टॅसिटसची पुढची पाने उलटावीत. सात वर्षांनी वेझर नदीच्या दोन तीरांवर दोन सख्खे भाऊ उभे राहिले, अलीकडे रोमच्या चाकरीतला फ्लावस आणि पलीकडे अर्मिनिअस. लढाईत फ्लावसचा एक डोळा गेला होता. त्याच्या मोबदल्यात काय मिळाले, असे अर्मिनिअसने विचारले. फ्लावसने वाढीव पगार आणि मानाची पदके सांगितली. गुलामगिरीची मजुरी स्वस्तच की, म्हणून भाऊ हसला. शब्दाने शब्द वाढत गेला आणि फ्लावस घोडा-हत्यारे मागू लागला, तेव्हा त्याला धरून ठेवावे लागले. आईबाप एक, टोळी एक. एकाची निष्ठा या काठाला, दुसऱ्याची त्या. यात रक्ताने कोणता कौल दिला?

आणि 'आपली माणसे' तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती? सम्राटाच्या अंगरक्षक दलात, प्रिटोरियन गार्डमध्ये, मुख्यतः इटलीतले जवान असत. इ.स. १९३ मध्ये त्यांनीच सम्राट पर्टिनॅक्सला ठार केले आणि साम्राज्याचा लिलाव मांडला. डिडिअस जुलिअॅनसने माणशी २५,००० सेस्टर्स बोलून तो जिंकला. सेप्टिमिअस सेव्हेरसने हे दल मोडून सीमेवरच्या लीजनांतले शिपाई आणले, तेव्हा डिओ या सिनेटरला खुपले ते नव्यांचे रांगडे रूप आणि बोलणे.

या सैन्याला सलोख्याचे नंदनवन ठरवणाऱ्यांनीही जरा थांबावे. सक्तीची भरती होती आणि तिच्यात लाचखोरी होती. इ.स. ६९ मध्ये बटाव्हियन टोळीवाले उठले, कारण भरती करणारे अधिकारी म्हाताऱ्यांना धरून सुटकेचे पैसे उकळत आणि देखण्या पोरांवर हात टाकत. उठाव मोडला, पण रोमने बटाव्हियनांना फौजेबाहेर काढले नाही. तीसेक वर्षांनी ब्रिटनच्या उत्तर सीमेवर, विंडोलंडाच्या ठाण्यात बटाव्हियनांची नववी पलटण आहे. तिच्यातला मास्क्लुस हा अधिकारी आपला वरिष्ठ फ्लाविअस सेरिआलिसला लाकडी पातळ पाटीवर लिहितो, उद्याचे हुकूम काय आहेत, आणि पोरांजवळची बिअर संपली आहे, तेवढी पाठवा.

चौथ्या शतकात बिघडला तो हा व्यवहार. जमीनदार आपली कुळे सोडेनात, शिपायाऐवजी सोने भरू लागले. भरती चुकवायला माणसे स्वतःचे अंगठे तोडत, म्हणून ३८१ च्या कायद्याने एका धडधाकटाऐवजी असे दोन थोटे द्यावे लागत. इ.स. ३७६ मध्ये सम्राट व्हॅलेन्सने गॉथ टोळ्यांना डॅन्यूब ओलांडू दिली, त्यांच्या तरुणांवर डोळा ठेवूनच. पण लुपिसिनस आणि मॅक्झिमस या अधिकाऱ्यांनी उपाशी गॉथांना कुत्री विकली, एका कुत्र्यामागे एक माणूस गुलाम म्हणून घेऊन. गॉथ उठले आणि दोन वर्षांत एड्रियानोपलच्या लढाईत व्हॅलेन्स मारला गेला.

स्टिलिको वँडल बापाचा, रोमन आईचा, आणि तेरा वर्षे पश्चिमेचा सेनापती. ऑगस्ट ४०८ मध्ये रॅव्हेनात त्याचे डोके उडवले आणि पाठोपाठ इटलीच्या शहरांत परक्या सैनिकांच्या बायकापोरांची कत्तल झाली. ते सैनिक तोवर रोमच्याच चाकरीत होते. इतिहासकार झोसिमस सांगतो की, त्यांतले तीस हजारांवर गॉथांचा म्होरक्या अलारिक याला जाऊन मिळाले. पुढच्या वर्षी अलारिकच्या मागण्या होत्या सोने, धान्य आणि वसाहतीसाठी जमीन. त्याला रोमन सेनापतिपदही द्यावे, असे वाटाघाटी करणाऱ्या रोमन अधिकाऱ्याने खलित्यातून सुचवले. धान्य-सोन्याचे पाहू, पण अलारिकला किंवा त्याच्या कुळातल्या कुणालाही पद मिळणार नाही, असे सम्राट होनोरिअसचे उत्तर आले आणि ते अलारिकच्या समोरच मोठ्याने वाचले गेले. त्याने लगोलग रोमकडे कूच केले. ऑगस्ट ४१० मध्ये तीन दिवस शहर लुटले गेले.