मॉर्फिन ‘शेवटचे औषध’ नव्हे

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले शेतकरी केंद्र सरकारच्या परवान्यावर अफू पिकवतात. बोंडाला चिरा देऊन गोळा केलेला चीक नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो, तिथून त्याची निर्यातही होते. मॉर्फिन हे वेदनाशामक ज्यापासून बनते तो कच्चा माल आपण जगाला पुरवतो. तरीही २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने देशोदेशींच्या वेदनांचा हिशेब मांडला, तेव्हा भारतात रुग्णांपर्यंत पोचणारी अशी औषधे गरजेच्या जेमतेम ४ टक्के भरली. कॅन्सर हाडांत उतरला की कूस बदलणेही नकोसे होते. अशा रुग्णाला भासणारी ही टंचाई मालाची नाही आणि पैशाचीही नाही, कारण मॉर्फिनची साधी गोळी स्वस्त असते. ही टंचाई भीतीने पाडली आहे, आणि त्या भीतीला आज ना कायद्याचा आधार उरला आहे, ना वैद्यकशास्त्राचा.

भीतीचे मूळ १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात आहे. तो तस्करांसाठी होता, पण सुक्याबरोबर ओलेही जळाले. मॉर्फिन ठेवायचे तर रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत आणि ते सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. शिवाय चूक झाली तर किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची टांगती तलवार. औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९९७ साली देशाचा वैद्यकीय वापर १८ किलोवर आला, म्हणजे कायद्याआधीच्या तुलनेत ९७ टक्क्यांहून अधिक घट. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न लिहिताच घडली, आणि माझ्या मते खरे नुकसान हेच आहे. कारण कायदा २०१४ साली बदलला, २०१५ मध्ये मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली, अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. पण हाताला वळण नसेल तर मोकळा झालेला कायदाही कागदावरच राहतो.

घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: सवय लागेल का? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर शरीर त्याला सरावते, एकदम बंद केले तर त्रास होतो. म्हणून रेडिएशनने गाठ आटोक्यात आली आणि दुखणे ओसरले की डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. व्यसन वेगळे. त्यात माणूस वेदनेसाठी नव्हे, नशेसाठी औषध शोधत राहतो, नुकसान दिसत असूनही. कॅन्सरच्या वेदनेसाठी देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने असे होण्याचा धोका कमी असतो. शून्य मात्र नाही, म्हणून पूर्वी व्यसन असलेल्यांवर आणि बरे होऊन वर्षानुवर्षे जगणाऱ्यांवर अधिक लक्ष ठेवावे लागते. दुसरी भीती श्वासाची. थोड्या मात्रेने सुरुवात करून, दर चार तासांनी तोंडाने देत, दुखणे पाहून मात्रा वाढवली तर श्वास धोक्यात येणे विरळा. उलट धाप लागलेल्या रुग्णाला याच औषधाने आराम पडतो. हमखास होतो तो बद्धकोष्ठतेचा त्रास, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचे औषध द्यावे लागते. ते विसरले की रुग्ण मॉर्फिनलाच नावे ठेवतो. आणि ‘मॉर्फिन सुरू झाले, आता काही खरे नाही’ हा समज तर फारच घातक. त्याआधी दिल्या जाणाऱ्या ट्रॅमाडॉल या सौम्य वेदनाशामकाची कमाल मात्रा ठरलेली आहे. ती अपुरी पडली की मॉर्फिनची वेळ आली, मग रुग्णाचे आयुष्य दोन महिन्यांचे असो वा वीस वर्षांचे.

अमेरिकेचा दाखला मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. मॉर्फिनच्याच जातीच्या ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांनी तिथे घरेच्या घरे उद्ध्वस्त केली. पण त्यामागे १९९६ पासून पर्ड्यू फार्मा या कंपनीने केलेला आक्रमक प्रचार होता, कंबरदुखीसारख्या जुनाट दुखण्यांसाठी सैल हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. त्यातून धडा घ्यायचा तो जाहिरातबाजीला आवर घालण्याचा आणि प्रत्येक गोळीची नोंद ठेवण्याचा. केरळने हेच करून दाखवले आहे. १९९३ साली कालिकतला सुरू झालेल्या वेदना-उपचार केंद्रापासून तिथे मॉर्फिन गावोगावच्या रुग्णांपर्यंत पोचले, आणि २००८ मध्ये राज्याने उपशामक शुश्रूषेचे धोरणच केले. महाराष्ट्राचे धोरण २०१२ चे आहे. मुंबईत टाटा रुग्णालय आहे, पण गडचिरोलीच्या रुग्णाने गोळ्यांच्या पुढच्या पाकिटासाठी मुंबई गाठावी का? प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने औषध नियंत्रकाची मान्यता घ्यावी, तिथल्या दोन डॉक्टरांना प्रशिक्षण मिळावे, साठा कधी संपू नये. आणि घरात कॅन्सरचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: दुखणे थांबत नाही, मॉर्फिन का देत नाही? हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.