मालकीणबाईंचा सालगडी

आमच्या जिल्ह्यातले मामा गेल्या महिन्यात गेले. पंचाहत्तरी ओलांडलेली. सात एकर कोरडवाहू, कपाशी आणि ज्वारी. दोन मुलगे, एक मुलगी, नातवंडे. पद त्यांनी कधी घेतले नाही, पण मामा आल्याशिवाय बैठक रंगत नसे. नाव छापू नका, असे घरच्यांचे म्हणणे. तालुक्यात मामा म्हटले की पुरते.

कापूस एकाधिकाराच्या काळात खरेदी केंद्रावरची गाड्यांची रांग दिवसदिवस हलत नसे. माणसे चिडलेली. मामा कापसाच्या गाडीवर पाय ताणून म्हणत, "वर्षभरात एवढी झोप घरी मिळाली नाही, सरकारची कृपा!" माणसे हसत, आणि मग ग्रेडरपुढे सगळी मिळून उभी राहत. आमची कितीतरी भाषणे एवढे काम करू शकली नाहीत.

नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. मामी गेल्या. मागे तीन लेकरे, दोन बैल आणि मामा. आपण थापलेल्या भाकरीला बैलानेही तोंड लावले नाही, ही गोष्ट ते स्वतःच भरल्या बैठकीत सांगत. बाईचे काम मोजायला तेव्हा शिकलो, असेही म्हणत, पण ते हळू आवाजात.

पुढे 1990 च्या सुमारास शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा. शंभर घरांनी केली की ते गाव लक्ष्मीमुक्तीचे. टाळ्या देणारे पुष्कळ निघाले, तलाठ्याच्या दारी जाणारे त्यामानाने थोडे. मामांनी सातपैकी चार एकर मामींच्या नावे केले. पारावर चेष्टा झाली. मामा म्हणाले, "आजवर ती माझ्या शेतात राबली, आता मी तिचा सालगडी. मालकीण चांगली आहे, फक्त उचल देत नाही." सोसायटीचा माणूस वसुलीला आला तरी हेच, "मालकीण आत आहे, गड्याला काय विचारता?"

आता तेरावे झाले. मामी सात-बारावर आहेत, सोसायटीच्या सभासद आहेत, पेरणीचे कर्ज त्यांच्या सहीने निघते. उरलेल्या तीन एकरांवर मामी आणि तिन्ही लेकरांची नावे लागतील. मुलीचे नाव वगळा, असे घरात कोणी म्हटले नाही. शेजारच्याच गावात एक बाई वर्षभर दिराच्या तोंडाकडे पाहते आहे. नवऱ्याची वारस नोंद नाही, म्हणून कर्ज नाही.

मामांसाठी वेगळी शोकसभा घेणार नाही. भाषणात त्यांना झोप येई. येत्या जिल्हा बैठकीत वारस नोंदीचे अर्ज भरून देण्यासाठी एक तास ठेवला आहे. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचे असते. मृत्यूचा दाखला, सात-बारा, आठ-अ आणि रेशनकार्ड बरोबर आणा. टेबलावर मामी बसणार आहेत.