भेसळ नव्हे, बळकटी

मा. संपादक महाशय,


वनस्पतिजन्य प्लास्टिकात तंतू मिसळणे ही निव्वळ भेसळ होय, हा गतांकातील पत्रलेखकांचा अभिप्राय मला मान्य नाही. मक्याच्या साखरेपासून सिद्ध होणारे पॉलिलॅक्टिक आम्ल हे असेच प्लास्टिक साठेक अंशांच्या उष्णतेतच नरमते. परंतु अंबाडीचा वाख कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवून, धुऊन, खडखडीत सुकवून या प्लास्टिकात घातला, तर वरचा मेणचट थर गेल्यामुळे तो वाख प्लास्टिकला घट्ट धरतो आणि भार स्वतःवर घेतो. जपानच्या एनईसी कंपनीने २००६ साली मोबाईलचे कवच याच जोडीचे केले. ओलावा शोषण्याचा दोष उरतो, हे त्या पत्रलेखकांचे म्हणणे मात्र रास्त आहे. अंबाडीप्रमाणे कपाशीचाही असा उपयोग होऊ शकतो: माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने कपाशीच्या पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड सिद्ध करून दाखविले असताना आमच्या वाशीम जिल्ह्यात तीच पऱ्हाटी धुऱ्यावर जाळली जावी, याचे मला अतोनात दुःख होते. सरकारने तिची खरेदी जिनिंगच्या आवारातच सुरू करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, अनसिंग